थेम्सकांठचे शनिवार-रविवार

घरांतील मुलानें किंवा मुलीनें शिक्षणासाठीं विलायतेस जावें, ही गोष्ट पूर्वीं एखाद्या घराण्यांत पिढींतून एकदां घडत असे. हल्लीं ती आपल्या परिचयाच्या पुष्कळ घरांत घडूं लागली आहे. मंडळींना विद्यापीठाची फी तोंडपाठ असते, खोलीचें भाडें ठाऊक असतें, कर्जाचा पहिला हप्ता कोणत्या महिन्यांत पडावयाचा हेंहि ठाऊक असतें. परंतु सोमवारपासून शुक्रवारपर्यंत व्याख्यानें ऐकून झाल्यावर तें पोर शनिवारीं आणि रविवारीं काय करतें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. आणि विचारलाच तर ‘अभ्यास’ हें उत्तर ठरलेलें.

आमच्या धाकट्या बहिणीचा नातू लंडनांत शिकतो. आम्ही उभयतां तीन महिने तेथें पुतण्याकडे राहून आलों, तेव्हां त्याची खोली पाहिली. एक खाट, एक मेज, आणि समोरच्या भिंतीवर उघडणारी एक खिडकी. सत्र चालू असतां विद्यार्थ्याला आठवड्यास वीस तासांहून अधिक नोकरी करतां येत नाहीं, असा तेथील सरकारचा नियम आहे. उरलेला वेळ म्हणजे खर्चाचा वेळ, असें त्यानें मनाशीं धरलें होतें. बाहेर पाऊल टाकलें कीं पौंड मोडतो, आणि पौंड मोडला कीं शंभराहून अधिक रुपये मोडतात. तेव्हां बाहेर पडावयाचेंच नाहीं! पांघरूण घेऊन पडून राहावें, फोनवर घरच्या लग्नमुंजी पाहाव्या, आणि रविवार मावळला कीं हायसें वाटून घ्यावें. “आजोबा, सोमवार बरा,” असें तो आम्हांस म्हणाला. छत्तीस वर्षांच्या मास्तरकींत सोमवार बरा म्हणणारा विद्यार्थी आमच्या पाहण्यांत आला नव्हता. हें लक्षण आम्हांला चांगलें वाटलें नाहीं. मग त्याच्या निमित्तानें आम्हींच त्या शहरांत हिंडूं लागलों, आणि थोड्या पैशांत, साधेल तेथें पैशांवांचून, दोन दिवस कसे घालवितां येतील तें पाहूं लागलों.

लंडनांत बसणें महाग आहे. चालणें आणि पाहणें स्वस्त आहे. ब्रिटिश म्युझियम १७५९ सालीं लोकांस उघडलें तेंच मुळीं विनामूल्य. इतर कांहीं राष्ट्रीय संग्रहालयांनीं मध्यंतरीं प्रवेशमूल्य घेण्यास आरंभ केला होता, परंतु २००१ सालच्या डिसेंबरपासून तेंहि बंद झालें. नॅशनल गॅलरींतील चित्रें, सायन्स म्युझियममधील वाफेचीं यंत्रें, सृष्टिविज्ञान-संग्रहालयांतील प्रचंड सांगाडे, हें सर्व दमडी न देतां पाहावयास मिळतें. दाराशीं दानपेटी असते. तींत कांहीं टाकलें नाहीं म्हणून कोणी भुंवई चढवीत नाहीं. खास प्रदर्शनांना मात्र तिकीट पडतें. तीं विद्यार्थ्यानें खुशाल सोडावीं. नित्याचाच संग्रह एवढा आहे कीं सारें विद्यार्थिजीवन पुरणार नाहीं.

आमचा आग्रह एवढाच कीं एका दिवशीं एकच दालन पाहावें. आपले प्रवासी एका दुपारींत सारें ब्रिटिश म्युझियम ‘करून’ येतात आणि त्यांना पायदुखीखेरीज कांहीं आठवत नाहीं. आम्ही नातवाला अमरावतीच्या शिल्पांपुढें नेऊन उभें केलें. ही अमरावती वऱ्हाडांतली नव्हे, आंध्रांतली. तेथील स्तूप कृष्णेच्या कांठचा. म्हणजे आपल्या महाबळेश्वरीं उगम पावलेल्या नदीच्या कांठचे हे शुभ्र पाषाण एकोणिसाव्या शतकांत साहेबांनीं उचलून थेम्सकांठीं नेले. नमस्कार करणाऱ्या स्त्रियांच्या पाठमोऱ्या आकृतींत, हत्तीच्या वळलेल्या सोंडेंत केवढी कोमलता आहे! पाऊण तास आम्ही तेथेंच होतों. फुकट पाहावयास मिळतें म्हणून आभार मानावे, कीं आपलेंच आपणांस दाखवितात म्हणून रागवावें, असें नातवानें विचारलें. दोन्ही करावें, असें आम्हीं सांगितलें. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत टिपूचा लांकडी वाघ आहे, त्यापुढेंहि हाच प्रश्न उभा राहतो. शिवछत्रपतींचीं म्हणून सांगितलीं जाणारीं वाघनखें ह्याच संग्रहालयाचीं. तीं २०२४ सालीं तीन वर्षांच्या बोलीनें साताऱ्यास आलीं. अफझलखानाच्या वेळचीं तीं हींच, ह्याचा निश्चित पुरावा नाहीं असें ते लोक स्वतःच सांगतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ह्या स्पष्टोक्तीचाहि एक धडा घेतां येईल.

इतक्या लांब जावयाचें कसें? भुयारी गाडीचा मोह सोडावा आणि तांबड्या दुमजली बसनें जावें. २०२५ सालीं बसचें भाडें पावणेदोन पौंड होतें, आणि पहिल्या बसमध्यें कार्ड लाविल्यापासून तासाभरांत कितीहि बस बदलल्या तरी पुन्हां पैसे पडत नाहींत. रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहींत. वरच्या मजल्यावर अगदीं पुढें बसावें. १५ क्रमांकाची बस ट्राफल्गार चौकाहून सेंट पॉलच्या देवळापुढून टॉवरकडे जाते. त्या वाटेवर जें दिसतें त्यासाठीं इतर प्रवासी मोठालीं तिकिटें काढतात. टॉवरच्या आंत जाण्याचें तिकीट विद्यार्थ्याला जड आहे. बाहेरून पाहावा आणि नदीकडे वळावें.

कारण खरें लंडन नदीवर आहे. आम्ही पुण्यास मुळा-मुठेच्या कांठीं वाढलेले. नदी एका दिशेला वाहते एवढेंच आम्हांस ठाऊक. थेम्सला मात्र आपल्या कोंकणांतील खाड्यांप्रमाणें भरती-ओहोटी आहे. समुद्र कितीतरी मैल दूर असूनहि लंडनच्या पुलापाशीं पाणी दिवसांतून दोन वेळां चढतें-उतरतें, आणि दोहोंतला फरक सात मीटरपर्यंत जातो. सकाळीं भिंतीला लागलेलें पाणी दुपारीं पाहावें तों खालीं वाळू व गोटे उघडे पडलेले! त्या वाळूंत जुन्या चिलमींचे तुकडे सांपडतात. परंतु ते शोधावयास व उचलावयास बंदर-खात्याचा परवाना लागतो, हें ध्यानांत ठेवावें. दक्षिण तीरानें चालत गेलें कीं वॉटर्लू पुलाखालीं जुन्या पुस्तकांचीं मेजें मांडलेलीं असतात. पुस्तक विकत न घेतां तासभर चाळीत राहिलें तरी कोणी उठवीत नाहीं. आम्हीं प्रयोग करून पाहिला आहे.

ग्रीनिच येथें एक अख्खा रविवार द्यावा. वेधशाळा १६७५ सालची. तिच्या आंत तिकीट पडतें, पण टेकडी आणि बाग सर्वांची आहे. वेधशाळेच्या शिखरावर एक तांबडा गोळा आहे. १८३३ पासून तो दररोज बरोबर एक वाजतां खालीं पडतो. नदींतल्या जहाजांनीं त्यावरून आपलीं घड्याळें लावावीं अशी योजना. एकाला पांच मिनिटें असतां तो अर्ध्यावर चढतो, दोन मिनिटें असतां टोंकाला जातो. तेथें जमलेल्या मंडळींत आम्हीहि मान वर करून उभे राहिलों. आपल्या सिद्धान्तग्रंथांत मध्यरेखा लंका, उज्जयिनी व कुरुक्षेत्र ह्यांवरून धरली आहे. १८८४ सालीं वॉशिंग्टन येथें परिषद भरून ती ग्रीनिचला गेली. हें सांगतांना आमचा स्वर जरा चढला असावा, कारण शेजारच्या दोन जपानी मुली वळून पाहूं लागल्या. टेकडी उतरून नदीशीं यावें, तों एका घुमटाखालून जिना खालीं जातो. हा १९०२ सालीं खुला झालेला पायीं जाण्याचा बोगदा. गोदींतल्या मजुरांना पलीकडे कामावर जातां यावें म्हणून केलेला. सुमारें तीनशें सत्तर मीटर लांब, आणि डोक्यावर सबंध थेम्स नदी. टोल नाहीं. नातू मधोमध थांबून वरच्या पांढऱ्या फरशीला हात लावून आला.

नाटकाची आवड असेल त्यानें ग्लोब नाट्यगृह सोडूं नये. शेक्सपिअरच्या काळच्या नमुन्यावर हें १९९७ सालीं उघडलें. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर लंडनांत झालेलें गवती छपराचें हें पहिलें घर. मधलें अंगण उघडें असून तेथें उभें राहून नाटक पाहणारांस पांच पौंडांपासून तिकीट मिळत आलें आहे. खालीं बसूं देत नाहींत, छत्री उघडूं देत नाहींत, आणि पाऊस आला तर नाटक थांबत नाहीं. आम्ही अडीच तास उभे होतों. गुडघ्यांनीं तक्रार केली, परंतु नटाच्या कपाळावरचा घाम दिसावा इतकें जवळचें स्थान पैसेवाल्यांना वरच्या बांकांवर मिळत नाहीं. उन्हाळ्यांत अल्बर्ट हॉलमधील ‘प्रॉम्स’ नांवाच्या संगीतसभांनाहि उभें राहणारांसाठीं सुमारें आठ पौंडांचें तिकीट असे, तें आम्हीं अनुभविलें नाहीं. पण वेस्टमिन्स्टरच्या व सेंट पॉलच्या देवळांत दिवसां तिकीट असतांहि सायंप्रार्थनेस सर्वांस मुक्तद्वार असतें. मुलांचे ते स्वर कमानींखालीं विरत जातात तेव्हां शब्द न कळले तरी चालतें. मात्र देवळांत गेल्याप्रमाणें जावें. तमाशास गेल्याप्रमाणें नव्हे.

आतां एक फेरी अशी सांगतों कीं जी मराठी विद्यार्थ्याखेरीज दुसऱ्या कोणाला सुचावयाची नाहीं. पॅडिंग्टनच्या जवळ हाउली प्लेस म्हणून शांत आळी आहे. तेथील १० क्रमांकाच्या घरावर निळी चकती आहे : लोकमान्य टिळक येथें १९१८-१९ मध्यें राहिले. चिरोलवरील बेअब्रूच्या खटल्यासाठीं ते आले होते. खटला गेला आणि खर्चाचा डोंगर उभा राहिला. घर खासगी आहे, म्हणून बाहेरूनच नमस्कार करावा. पांच मिनिटांवर रीजंट कालवा लागतो. त्याच्या कांठानें पूर्वीं घोडे नावा ओढीत, त्या वाटेनें आतां माणसें चालतात. पाण्यावर रंगीत, अरुंद घरनावा. कोणी नावेच्या टपावर कोथिंबीर लावली आहे, कोणी धुणें वाळत घातलें आहे. एके ठिकाणीं कालवा बोगद्यांत शिरतो, तेव्हां वर रस्त्यावर येऊन पुन्हां उतरावें लागतें. मग बागेचीं झाडें, प्राणिसंग्रहालयाचा उंच पिंजरा, आणि डावीकडे प्रिमरोझ टेकडी. टेकडीवरून सारें लंडन दिसतें. पलीकडे उतरलें कीं किंग हेन्रीज रोड, घर क्रमांक १०. डॉ. आंबेडकर १९२१-२२ सालीं येथें राहून शिकले. महाराष्ट्र शासनानें हें घर २०१५ सालीं विकत घेऊन तेथें स्मारक केलें. तेथें पैसे पडत नाहींत.

ह्या दोन घरांत राहणाऱ्यांच्या मतांत अंतर फार मोठें होतें. पायीं मात्र दीड तास पुरतो. आंबेडकरांच्या चरित्रकारांनीं लिहिलें आहे कीं ते ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयांत उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसत, आणि रात्रीं भुकेला पापडाचा आधार घेत. नातवानें त्या घरांतील खोली पाहिली, खाट पाहिली, मेज पाहिलें. तो कांहीं बोलला नाहीं. परततांना कालव्याच्या कांठीं मात्र त्यानें होऊन आपल्या कर्जाचा आंकडा आम्हांस सांगितला. इतके दिवस तो घरींहि नीट सांगितलेला नव्हता. आम्हीं उपदेश केला नाहीं. दोघांनीं मिळून बांकावर हिशेब मांडला, आणि तो त्यानें कल्पिला होता तितका भयंकर निघाला नाहीं.

खाण्याची सोय घरूनच करावी. पोळी-भाजीचा डबा घेऊन कोणत्याहि बागेंत बसतां येतें. संध्याकाळीं मोठ्या दुकानांत मुदत संपत आलेल्या जिनसांवर पिवळी चिठ्ठी लावून किंमत उतरवितात. पाव, दूध, फळें तेव्हां घ्यावीं. साउथॉलच्या गुरुद्वारांत लंगर कोणासहि खुला आहे. जेवावें आणि मग भांडीं घासूं लागावें. आपलीं माणसें भेटावयाचीं असतील तर १९३२ पासून चालत आलेलें महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिलला आहे.

हिंवाळ्यांत वेळेचा विचार करावा लागतो. डिसेंबरांत चार वाजण्यापूर्वींच सूर्य मावळतो, आणि ब्रिटिश म्युझियम पांचाला मिटतें. परंतु शुक्रवारीं तें साडेआठपर्यंत उघडें असतें आणि नॅशनल गॅलरी नऊपर्यंत, तेव्हां विद्यार्थ्यानें आपला आठवडा शुक्रवारींच संपवावा. नऊला दारें लागलीं कीं बाहेरच्या ट्राफल्गार चौकांतून सर्व दिशांना बस सुटतात; त्या रात्रभर चालतात, आणि भाडें दिवसाइतकेंच असतें.