सहीचा अधिकार

नर्सच्या शिक्षणाचा शेवट आपल्याकडे ठरलेला असतो. बी.एस्सी. नर्सिंग झालं, नोकरी लागली, संपलं. फार तर एम.एस्सी. करून कॉलेजात शिकवायला जायचं. त्यामुळे ह्यूस्टनमध्ये नर्स असलेल्या माझ्या भाचीने छत्तिसाव्या वर्षी, पदरी पाच वर्षांची मुलगी असताना, पुन्हा शिकायला घेतलं तेव्हा घरात जो तो चकित. तिच्या आजेसासूने तर फोनवर कोकणीत सरळच विचारलं, "म्हणजे तूं आतां दोतोर जातलें?"

ती डॉक्टर होणार नाही. ती होणार आहे फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर. याला मराठी प्रतिशब्द करायचा मोह मला होतो, पण सरकारी परिपत्रकांत असे शब्द काय होऊन बसतात ते रोज बघत असल्यामुळे मी तो आवरतो. काम असं, की तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या म्हातारीपर्यंत कुणीही दवाखान्यात आलं की त्याला तपासायचं, चाचण्या सांगायच्या, निदान करायचं आणि औषध लिहून द्यायचं. आपले जुने फॅमिली डॉक्टर जे करायचे त्यातलं बरंचसं. फक्त ते नर्सने करायचं, नर्स राहूनच.

याची सुरुवात 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात झाली. लोरेटा फोर्ड नावाची सार्वजनिक आरोग्य खात्यातली अनुभवी नर्स आणि हेन्री सिल्व्हर नावाचे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी मुलांसाठीचा पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम काढला. खेड्यापाड्यांत डॉक्टर पोचत नव्हते, नर्स पोचत होती, आणि पुष्कळसे निर्णय ती तसेही घेतच होती. ते शिकवून, रीतसर का घेऊ नयेत, एवढाच मुद्दा. गंमत म्हणजे विरोध नर्सिंगमधूनही झाला. ही बाई नर्सिंग सोडून डॉक्टरांच्या मागे चालली, असं म्हणणारे होते. लोरेटाबाई 2025 च्या जानेवारीत गेल्या, 104 वर्षांच्या होऊन. आपण लावलेलं रोप केवढं झालं ते बघायला मिळालं त्यांना.

मी कारकून. मला हे सगळं माझ्या टेबलावरून समजतं. फाईल मी वाचतो, नियम मी शोधतो, टिपण मी लिहितो, आणि शेवटी "मान्यतेसाठी सादर" असं लिहून वर पाठवतो. सही साहेबांची. चुकलं तर पहिला जाब त्यांना, हेही खरंच. नर्सचं तसंच. रात्रभर रुग्णापाशी ती असते, पण कागदावर ती फक्त नोंद करते.

भाची इथल्याच एका खाजगी इस्पितळात नवीन असताना रात्रपाळीत एक म्हातारी बाई होती. ताप, लघवी कमी होत चाललेली, बोलण्यात भ्रम. हिने फोन केला, उत्तर आलं सकाळी बघू. पुन्हा केला, पुन्हा तेच. सकाळपर्यंत बाई हाताबाहेर गेली होती, संध्याकाळी वारली. हिच्या नोंदी चोख होत्या, चारही वेळा वेळेसकट. कुणी हिला बोल लावला नाही. मला ती एवढंच म्हणाली, "मामा, मला कळलं होतं. पण कळून काय?" मग आखात झालं, तिथली सहा वर्षं झाली, परीक्षा देऊन अमेरिका झाली, पण माझ्या मते ही पदवी तिने त्या रात्रीच घ्यायला घेतली.

शिक्षण नर्सिंगच्या पदवीनंतरचं, साधारण दोन ते तीन वर्षांचं, नोकरी सांभाळून केलं तर आणखी लांबतं. गाभा तीन विषयांचा. त्यांना तिथे "तीन पी" म्हणतात. पॅथोफिजिऑलॉजी, म्हणजे शरीर बिघडतं कसं. फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधं. आणि फिजिकल असेसमेंट, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत तपासणी. भाची म्हणते, औषधांची नावं तिला निम्मी पाठच होती. अवघड गेलं ते वेगळंच. डोकेदुखीचा रुग्ण समोर बसवतात आणि विचारतात, काय काय असू शकेल? त्यातलं आधी काय नाकारशील? कशावरून? इतकी वर्षं "डॉक्टरांना कळवते" हे तोंडात बसलेलं. ते बंद करायला तिला पहिलं वर्ष लागलं.

शिवाय प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचे तास. पूर्वी किमान 500 असायचे, 2022 च्या नव्या मानकांत ते 750 झाले. आणि इथेच खरी रड आहे. हे तास ज्याच्या हाताखाली करायचे तो शिक्षक, प्रिसेप्टर, बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यानेच शोधायचा! फी भरायची विद्यापीठात आणि गुरू शोधत फिरायचं आपण. पैसे घेऊन गाठ घालून देणाऱ्या एजन्स्याही निघाल्या आहेत. भाचीने चाळीसेक दवाखान्यांना ई-मेल लिहिले, तेव्हा ह्यूस्टनपासून तासाभराच्या अंतरावर एक बाई मिळाली. एवढ्या शिस्तीच्या देशात ही व्यवस्था कशी चालते, मला कळत नाही.

डॉक्टर मंडळींचा आक्षेप आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. त्यांच्या रेसिडेन्सीचे हजारो तास कुठे आणि हे 750 कुठे? दुसऱ्या बाजूने 2000 साली 'जामा' या वैद्यकीय पत्रिकेत आलेला न्यूयॉर्कचा अभ्यास दाखवतात. त्यात रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली होती, काही डॉक्टरांकडे, काही नर्स प्रॅक्टिशनरकडे, आणि सहा महिन्यांनी तब्येतीत फारसा फरक दिसला नाही. पण सहा महिने म्हणजे किती? मला वाटतं रोजचा रक्तदाब, मधुमेह, मुलांचा खोकला यांत ती पुरेशी आहे. आणि आपल्याला काय कळत नाही हे तिला कळलं तर आणखी पुरेशी.

आपल्याकडेही हालचाल आहे, नाही असं नाही. अतिदक्षता विभागासाठीचा दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने काढला. 2018 नंतर आयुष्मान भारतच्या आरोग्य केंद्रांवर सहा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन सामुदायिक आरोग्य अधिकारी नेमले, त्यांत नर्स पुष्कळ. पण सहा महिन्यांत जबाबदारी देता येते, सही देता येत नाही.

अमेरिकेतही ती सगळीकडे सारखी मिळत नाहीच. टेक्सासमध्ये औषध लिहायला डॉक्टरशी लेखी करार लागतो. शेजारच्या न्यू मेक्सिकोत तीच पदवी, तीच राष्ट्रीय परीक्षा, आणि करार नको. म्हणजे पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्याला पोचलं की माणसाची अक्कल वाढावी, तसा प्रकार.

परीक्षा पुढच्या वर्षी. पास झाली की दर पाच वर्षांनी नूतनीकरण. फीचं कर्ज फिटेपर्यंत इथलं घर अर्धंच राहणार म्हणून माझी बहीण कुरकुरते. चवथीला सगळी येणार होती, तेही आता पुढच्या साली. परवा बहिणीने फोनवर तिला विचारलं, मग चिठ्ठीवर सही तुझी ना? भाची म्हणाली, "माझीच गे आई. पण करारावर डॉक्टरची." आणि मग हळूच, न्यू मेक्सिकोत घरभाडं किती पडतं ते नवरा बघतोय म्हणाली.