माफीची तिथी

ग्वाटेमालातल्या कीचे माया लोकांच्या ‘पोपोल वूह’ या ग्रंथात माणसावर पहिला आरोप ठेवतात ती त्याच्याच घरातली भांडी आणि जनावरे. देवांनी आधी मातीचा माणूस केला, तो पाण्यात विरघळला. मग लाकडाचा केला. तो चालू-बोलू लागला, त्याला मुलेबाळेही झाली. पण त्याच्या छातीत काळीज नव्हते आणि आपल्याला कुणी घडवले याची त्याला आठवण नव्हती. देवांनी पूर पाठवला. त्या गदारोळात मका दळायचे पाटे, तवे, मडकी, कुत्री, टर्की कोंबड्या सगळी या लाकडी माणसांवर उलटली. पहाटेपासून रात्रीपर्यंत आम्हाला घासलेस, चुलीवर भाजलेस, आम्ही जेवायच्या आशेने बसलो तेव्हा काठी घेऊन हाकललेस, असा एकेकाने हिशेब मांडला.

या आरोपपत्रात खून नाही, दरोडा नाही. जे आयुष्यभर हाताखाली राबले त्यांच्याकडे एकदाही वळून पाहिले नाही, एवढाच गुन्हा. आणि तो गुन्हा सर्वनाशाला पुरेसा ठरतो. या कथेतले देवही चुकत-माकत शिकतात. प्राण्यांकडून स्तुती होईना, मातीने दगा दिला, लाकडाने निराशा केली, तेव्हा कुठे मक्याच्या पिठातून आजचा माणूस झाला. झालेले काम मोडून पुन्हा सुरुवात करण्याची वेळ जिथे देवांवर येते, तिथे माणसाने आपल्या चुका मोजायची काही सोय करून ठेवली असेल तर नवल नाही.

ती सोय म्हणजे चोलकीह, २६० दिवसांचे पंचांग. ग्वाटेमालाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात ते आजही चालते. २० दिवसांची नावे आणि १ ते १३ आकडे यांची जोडी रोज एकेक घर पुढे सरकते. तीच जोडी पुन्हा जुळायला २६० दिवस लागतात. हा काळ साधारण आईच्या पोटातल्या बाळाचा, असे तिथे सांगतात. प्रत्येक दिवसाला स्वभाव असतो, अधिकार असतो, आणि प्रार्थनेत त्याला एखाद्या वडीलधाऱ्यासारखे नाव घेऊन बोलावतात. २०१२ साली जगबुडीच्या बातम्यांनी माया कालगणनेचे नाव जगभर झाले, पण डोंगरातल्या लोकांच्या लेखी २१ डिसेंबरचा तो दिवस ‘४ आहपू’ होता आणि दुसऱ्या दिवशी ‘५ इमोश’ उजाडला. त्या गोंगाटात या पंचांगाचे खरे काम झाकले गेले, याचे वाईट वाटते.

कारण या २० दिवसांतला एक दिवस चुकांसाठी राखलेला आहे. त्याचे नाव आहमाक. घरातले भांडण, बोललेला कठोर शब्द, पूर्वजांकडे झालेले दुर्लक्ष, त्यांच्या नावाने लावायच्या राहून गेलेल्या मेणबत्त्या, सगळ्याची माफी या दिवशी मागायची. मागायची ती जिवंतांकडेही आणि मेलेल्यांकडेही. घरातला एखादा जुना माणूस कुणाचे देणे बुडवून किंवा कुणाशी वैर धरून गेला असेल, तर त्याची बाजू आज हयात असलेल्यांनी मांडायची असते. माफी ही तिथे दोन माणसांपुरती गोष्ट राहत नाही. तिच्यात अख्खे घराणे येते.

आहमाक दर २० दिवसांनी येतो, पण त्याचा आकडा दर वेळी बदलतो. १ आहमाकनंतर येतो ८ आहमाक, मग २, मग ९, मग ३, मग १०. लहान आकड्याचा दिवस सौम्य, मोठ्या आकड्याचा जड, असे मानतात. म्हणजे एकदा हलका, एकदा भारी, असा हा फेरा तेरा वेळा फिरतो. आपोआप येणाऱ्या या दिवसात मोठे शहाणपण आहे. माफी मागायला योग्य वेळ शोधणारा माणूस बहुधा ती शोधतच राहतो. मन तयार झाले की जाऊ, समोरचा जरा निवळला की बोलू, असे म्हणता म्हणता वर्षे जातात आणि एखाद्या दिवशी समोरचा माणूसच राहत नाही. इथे मनाची तयारी कुणी विचारत नाही, दिवस आला की उठून जायचे. आणि आहमाकच्या मागोमाग येतो नोह, विचाराचा दिवस. त्यानंतर तिहाश, ज्याचे चिन्ह ज्वालामुखीच्या काळ्या काचेचे पाते. आधी कबुली, मग विचार, मग कापणे, हा क्रम ज्याने लावला त्याला माणसाचे मन चांगले ठाऊक असणार.

हे दिवस सांभाळणाऱ्या जाणकाराला आहकीह म्हणतात. पुरुषही असतात, बायकाही. मोमोस्तेनांगो हे त्यांचे मोठे गाव. तिथे ८ बात्स या दिवशी डोंगरावरच्या वेद्यांपाशी नव्या आहकीहांना दीक्षा मिळते. बार्बरा आणि डेनिस टेडलॉक हे अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ दांपत्य आन्द्रेस शिलोह यांच्याकडे हे शिकले आणि १९७६ मध्ये त्यांनी स्वतः दीक्षा घेतली. १९८२ साली आलेल्या बार्बरा यांच्या पुस्तकात या विद्येची बारीकसारीक माहिती आहे.

प्रश्न घेऊन कुणी आले की आहकीह टेबलावर कापड अंथरून पिशवी सोडतो. तिच्यात त्सितेच्या झाडाच्या लालभडक बिया आणि काही स्फटिक असतात. हे झाड आपल्या पांगाऱ्याच्या कुळातले. फाल्गुनात कोकणातला पांगारा फुललेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या रंगाची कल्पना येईल. बियांच्या ढिगात हात घालण्यापूर्वी आहकीह प्रार्थना करतो आणि तिची सुरुवात त्याच्या स्वतःच्या चुकीच्या माफीने होते. मग तो मूठभर बिया उचलतो, चार-चारांच्या पुंजक्यांत मांडतो आणि एकेका पुंजक्यावर बोट ठेवत दिवस मोजत जातो. मोजताना त्याच्या अंगात कुठे लवलवते, डाव्या बाजूला की उजव्या, पुढे की मागे, यावरून अर्थ लावतो. आजार घेऊन आलेल्या माणसाला उत्तर मिळते ते कधी कधी औषधाचे नसतेच. भावाशी काय झाले होते, शेताच्या बांधावरून कुणाला काय बोललास, असे प्रश्न निघतात.

या पद्धतीने रोग बरा होतो की नाही, यावर वाद घालता येईल. पण दुसऱ्याचा दोष पाहायला बसलेल्या माणसाने आधी स्वतःचा दोष बोलून टाकायचा, हा नियम न्यायाधीशाच्या, शिक्षकाच्या, आई-बापाच्या खुर्चीलाही लागू असता तर किती घरे सावरली असती.

ही सवय जुनी आहे. सोळाव्या शतकात युकातानमध्ये आलेल्या दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने लिहून ठेवले आहे की तिथले माया लोक आजारपणात किंवा मरणाच्या भीतीने आपली पापे बोलून दाखवत. पुजाऱ्यापुढे, आई-वडिलांपुढे, नवरा बायकोपुढे, बायको नवऱ्यापुढे. सरत्या वर्षाच्या पाच अशुभ दिवसांत ते केस विंचरत नसत, अंग धूत नसत, हेही त्यानेच नोंदवले. आणि याच लांदाने १५६२ च्या जुलैमध्ये मानी या गावात माया पोथ्या जाळल्या, लोकांचे अतोनात हाल केले.

ती आग विझलेली नाही. दोमिंगो चोक चे हे केक्ची माया समाजाचे आध्यात्मिक मार्गदर्शक आणि वनौषधींचे जाणकार. परदेशी विद्यापीठांच्या संशोधकांना ते औषधी झाडांची माहिती देत होते. जून २०२० मध्ये ग्वाटेमालाच्या पेतेन प्रांतातल्या चिमाय गावात चेटूक केल्याचा आळ घेऊन त्यांना जिवंत जाळण्यात आले. त्या मरणाचे चित्रण जगाने मोबाइलवर पाहिले.

क्षमेची भाषा सर्वात कठोर कसोटीला लागली ती ग्वाटेमालाच्या यादवी युद्धानंतर. १९६० ते १९९६ या काळात दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा नाहीशी झाली. सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये अहवाल दिला. ज्यांची ओळख पटली त्यांच्यापैकी ८३ टक्के माया होते आणि ९३ टक्के अत्याचारांची जबाबदारी सरकारी फौजा व त्यांच्या साथीदारांवर होती. सान हुआन कोमालापाजवळ लष्कराच्या जुन्या तळाच्या जागी २००३ ते २००५ दरम्यान खोदकाम झाले, तेव्हा २२० मृतदेह सापडले. अशा खोदकामांपूर्वी आहकीह कोपाळाचा धूप जाळतात, मेणबत्त्या लावतात आणि जमिनीची माफी मागतात, कारण तिला आता जखम होणार आहे. ज्यांनी माणसे पुरली त्यांनी ती मागितलेली नसते. मागतात ते आपल्या हाडामांसाची माणसे शोधायला आलेले लोक.

सरकारकडूनही माफी आली आहे. चिशोय धरणासाठी माया आची लोकांची गावे उठवताना रिओ नेग्रोत १३ मार्च १९८२ रोजी १७७ बायका-मुले मारली गेली. नोव्हेंबर २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी धरणग्रस्तांची जाहीर माफी मागितली आणि भरपाईची योजना मान्य केली. मध्ये ३२ वर्षे गेली. चोलकीहमध्ये तोह नावाचा एक दिवस आहे, देणे फेडायचा. अग्नीत साखर, मध, कोको, कोपाळ वाहून, हात मोकळे करून ते फेडायचे असते. आहमाक आणि तोह एकाच वर्तुळातले, एकाने सुरू केलेले दुसऱ्याने पुरे करायचे. या हिशेबाने पाहिले तर नुसत्या शब्दांच्या माफीवर आदिवासी संघटना का समाधानी होत नाहीत, हे समजायला कठीण जात नाही. ते सूडापोटी नाही. त्यांच्या पंचांगात कबुली आणि फेड वेगळ्या केलेल्याच नाहीत.

कोमालापात सापडलेल्यांपैकी ओळख न पटलेल्या १७२ जणांना २०१८ च्या जूनमध्ये तिथेच, आता स्मारक झालेल्या जमिनीत, पुन्हा मूठमाती देण्यात आली. त्यांचे डीएनए नमुने जपून ठेवलेले आहेत, आणि बेपत्ता माणसांचे नातेवाईक अजूनही आपले नमुने देत असतात. या कुटुंबांपैकी अनेकांची पहिली मागणी माफीच्या भाषणाची नाही. कुठे पुरले ते सांगा, एवढेच ते मागतात.