मोडण्यासाठी गाडी घडवताना

आपल्याकडे नवी गाडी घरी आली की नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि पहिला ओरखडा उठेपर्यंत घरात कुणी तिचं दार जोरात आपटत नाही. खंडेनवमीला तिला झेंडूचा हार मिळतो. बेळगावच्या उद्यमबागेत तर त्या दिवशी लेथ, ड्रिल, भट्टी सगळ्यांना हळद-कुंकू लागतं. अशा गावात वाढलेल्या माणसांना 'डिमॉलिशन डर्बी' हा खेळ समजावून सांगणं अवघडच. पण गेल्या उन्हाळ्यात मी त्यात कोपरापर्यंत ग्रीस लावून उतरले होते, म्हणून प्रयत्न करते.

नियम अगदी थोडके आहेत. चिखल केलेल्या मैदानात दहा-बारा जुन्या गाड्या सोडायच्या. त्यांनी एकमेकींना धडका द्यायच्या. जी शेवटपर्यंत हलत राहील ती जिंकली. बहुतेक ठिकाणी साधारण 60 सेकंदांत एक तरी धडक द्यावी लागते, नुसतं कोपऱ्यात लपून चालत नाही. चालकाच्या दाराला एक काठी बांधलेली असते. आपला खेळ संपला की चालक ती मोडतो, आणि त्यानंतर त्या गाडीला कुणी धडक द्यायची नाही.

हा खेळ अमेरिकेतल्या गावजत्रांचा आहे. इथे दर उन्हाळ्यात प्रत्येक काउंटीची जत्रा भरते. गाई-डुकरांची बक्षिसं, घरगुती लोणची आणि पायच्या स्पर्धा, ट्रॅक्टरची ओढाओढ, आणि एखाद्या रात्री डर्बी. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर इस्लिप स्पीडवे नावाचं मैदान होतं, तिथे लॅरी मेंडेलसन यांनी 1958 मध्ये हा खेळ सुरू केला असं सर्वसाधारणपणे सांगतात. त्याआधीही कॅलिफोर्नियात असे प्रयोग झाले होते. पूर्वी मोठमोठ्या, जाड पत्र्याच्या गाड्या असत. 1964 ते 66 च्या क्रायसलर इम्पिरियल इतक्या दणकट निघाल्या, की अनेक ठिकाणी त्यांच्यावर बंदीच आली. आता तशा गाड्या उरल्या नाहीत, म्हणून चार सिलिंडरच्या छोट्या गाड्यांचा वेगळा गट असतो. आमची गाडी त्याच गटातली.

'आमची' म्हणजे खरं तर शेजाऱ्यांची. आम्ही ओहायोत एका लहान गावाच्या कडेला राहतो. शेजारचे आजोबा कारखान्यात मशिनिस्ट होते, आता निवृत्त आहेत. इथल्या रीतीप्रमाणे त्यांना नावाने हाक मारावी लागते. माझी जीभ अजून अडखळते. त्यांचा 18 वर्षांचा नातू डर्बीत पहिल्यांदाच उतरणार होता. त्याने भंगाराच्या भावात 1998 सालची शेव्हरोले कॅव्हेलियर आणली होती. वायरिंग बघायला कुणी नव्हतं. मी सॉफ्टवेअरवाली असले तरी बीई इलेक्ट्रॉनिक्समधली आहे, शिवाय सुट्टीला बेळगावहून आणलेला कुंदा त्यांच्या घरी आधीच पोचला होता. त्यामुळे बोलावणं आलंच.

पहिले दोन शनिवार फक्त काढण्यात गेले. सगळ्या काचा काढायच्या, त्या दारात फोडून ठेवायच्या नाहीत, तुकडे झाडून बाहेर न्यायचे. दिवे, प्लॅस्टिक, गालिचा, मागची सीट, छताचं कापड, सगळं बाहेर. बॅटरी सोडवून, थोडा वेळ थांबून एअरबॅग काढायच्या. रेडिएटरमधलं हिरवं कूलंट काढून साधं पाणी भरायचं, कारण कूलंट विषारी असतं आणि मैदानात सांडलेलं चालत नाही.

मग जागा बदलायच्या. पेट्रोलची मूळ टाकी काढून टाकली आणि मागच्या सीटच्या जागी छोटी धातूची टाकी पट्ट्यांनी घट्ट बांधली. दहा-बारा लिटर पेट्रोल पुरतं. बॅटरी इंजिनाशेजारून उचलून चालकाच्या बाजूच्या सीटपुढे, पेटीत बोल्ट मारून बसवली आणि वर रबर टाकलं. बॉनेटला मधोमध भोक पाडलं, म्हणजे आग लागली तर बॉनेट न उघडता आत फवारा मारता येतो.

माझं काम वायरिंगचं. गाडीत वायरचे जुडगे किती, आणि इंजिन चालू राहायला त्यातलं खरंच किती लागतं, हे मी कागदावर काढलं. इंजिनाचा संगणक, इग्निशन, इंजेक्टर, क्रँकचा सेन्सर, पेट्रोलचा पंप आणि रेडिएटरचा पंखा. पंखा संगणकाच्या ताब्यातून काढून सरळ स्विचवर घेतला. पेट्रोलच्या पंपाला वेगळा स्विच दिला, पट्टा बांधलेल्या चालकाचा हात पोचेल असा. गाडी उलटली किंवा इंजिन बंद पडलं, तर पंप पेट्रोल ओतत राहता कामा नये.

या सगळ्यात मला एक गोष्ट नव्याने कळली. मला वाटलं होतं, जिथे पत्रा दिसेल तिथे वेल्डिंग करायचं, गाडी रणगाड्यासारखी करायची. पण छोट्या गाड्यांच्या गटात वेल्डिंगवर बरीच बंधनं असतात. आजोबांनी कारण सांगितलं. गाडीचं पुढचं-मागचं अंग चुरगळतं, तेव्हा धडकेचा जोर तिथे जिरतो. सगळंच घट्ट केलं तर तो जोर जिरायला एकच जागा उरते, चालकाची मान. म्हणून चालकाभोवती मजबूत पिंजरा, पांढरा रंग दिलेलं जोडबंद दार, समोरच्या काचेच्या जागी लोखंडी पट्ट्या, आणि बाकीची गाडी मऊच ठेवायची. त्या पांढऱ्या दारावर धडक मारणारा खेळातून बाद होतो.

दर शनिवारी बाबांशी व्हिडिओ कॉल असतो. बाबांनी 34 वर्षं उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत काढली. गॅरेज बघून त्यांनी आधी विचारलं, "काय करालीस गं तिथं?" सांगितल्यावर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "चालती गाडी आहे की. मोडायची कशाला? कुणाला तरी देऊन टाका म्हणावं." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फोन इंजिनाकडे वळवला. ब्लॉक बिडाचा आहे हे त्यांनी लगेच ओळखलं. "बीड आहे. चांगलं ओतलंय." तेवढ्यावर त्यांचा राग थोडा निवळला.

जत्रेच्या आदल्या शनिवारी त्यांनीच फोन जवळ न्यायला सांगितला. चालकाच्या सीटचे बोल्ट जिथे तळाला जातात तिथे. इकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने गाड्या खालून गंजतात. वरून काळा रंग होता, सारं नीट दिसत होतं. "स्क्रू-ड्रायव्हरने टोच बघू." मी टोचलं आणि ते पात्यासकट आत गेलं. वरती नव्या बोल्टवर नवी सीट, खाली पापडासारखा पत्रा.

नातवाने आधीच सगळं ठरवलं होतं. वरून एक पट्टी वेल्ड करायची, आणि उरलेला दिवस रेडिएटरपुढे संरक्षक जाळी बसवायला आणि पंख्याचं काम पुरं करायला द्यायचा. पंखा कधी फिरे, कधी नाही. कुठेतरी जोड सैल होता. वेळ एकाच कामाला पुरणार होता. त्याला जिंकायचं होतं, त्याचे मित्र बघायला येणार होते. बाबा तिकडून म्हणाले, "गंजावर वेल्डिंग धरत नाही. धरल्यासारखं दिसतं, आणि तेच वाईट." मी ते इंग्रजीत सांगितलं. आजोबांनी मान हलवली आणि ग्राइंडर उचलला.

नातू चिडला. जवळपास तासभर कुणाशी बोलला नाही. मीही त्या वयात बाबांवर अशीच चिडायची. पण घर त्यांचं, पोरगा त्यांचा, मी शेजारीण, म्हणून गप्प राहिले. चकचकीत, निरोगी पत्रा लागेपर्यंत तळ कापला. खाली जाड पोलादी पट्टी, ती दोन्ही बाजूंच्या शाबूत भागाला जोडली, आणि सीटचे बोल्ट त्या पट्टीतून आरपार काढले. पट्ट्याचे बोल्टही तिथेच. रात्रीचे अकरा वाजले. तोवर नातू स्वतःच टॉर्च धरून बसला होता. जाळी राहिली. पंख्याचा जोड मी बदलला, पण चालवून बघायला वेळ उरला नाही.

जत्रेच्या संध्याकाळी तपासणी करणाऱ्याने टाकी हलवून बघितली, बॅटरी बघितली, मग वाकून सीटखाली हात घातला आणि अंगठा दाखवला. नातू हेल्मेट घालून आत बसला. या गाड्यांचं इंजिन, रेडिएटर, चाकं फिरवणारे दांडे सगळं पुढे असतं, म्हणून शहाणा चालक उलटी गाडी नेऊन डिकीने मारतो. त्यानेही तेच केलं. चार चांगल्या धडका दिल्या. मग एका लाल गाडीने त्याला मागून असं दाबलं, की पुढचं तोंड सिमेंटच्या कठड्यावर आपटलं. रेडिएटर फुटला, वाफ उठली, दोनेक मिनिटांत इंजिन थंड झालं. म्हणजे तापूनच बंद पडलं. त्याने काठी मोडली. पाचवा नंबर.

जाळी असती तर कदाचित तिसरा आला असता. जुन्या तळावर सीट टिकली असती का, हे कळायला मार्ग नाही, आणि तो नसलेलाच बरा. सीट जागची हलली नव्हती, एवढं मी स्वतः बघितलं. तो बाहेर आला तो हसतच. आजीने त्याला आधी धरलं, मग शिव्या दिल्या. या क्रमात ओहायो आणि बेळगावात काही फरक नाही.

आठवड्याने गाडी भंगारवाल्याकडे गेली. वजन करून पैसे मिळाले, ते पोराने पुढच्या गाडीसाठी ठेवले. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज उजळला. "मग वाया नाही गेली. आमच्या भट्टीत रोज काय पडायचं? भंगारच की." त्यांच्या हिशोबात गाडी भंगारात जाण्याने संपत नाही, भट्टीपर्यंत पोचते. मला मात्र पटायला वेळ लागला. अजूनही मला धडकेचा आवाज आवडत नाही.

यंदा नातवाने फोर्ड फोकस बघून ठेवली आहे. विकत घ्यायच्या आधी तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तिच्या खाली गेला होता. तळाचे फोटो त्याने मला पाठवलेत, "तुझ्या बाबांना दाखव" म्हणून. बाबांचा निकाल आला आहे: मागचा उजवा कोपरा सोडून ठीक.