निशिगंधाचा वाफा

मराठी शिकवणाऱ्या माणसाला कोणत्याही वस्तूच्या आधी तिचे नाव दिसते. निशिगंध हा शब्द ऐकून वाटावे, की कालिदासाच्या नायिकांनी हे फूल नक्की केसांत माळले असेल! प्रत्यक्षात ते मूळचे मेक्सिकोचे. सोळाव्या शतकात ते युरोपात गेले आणि तेथून फिरत फिरत आपल्याकडे आले. कालिदासाला त्याचा पत्ताच नव्हता. आपण मात्र त्याचे बारसे असे संस्कृतात केले, की परकेपणाची शंकाही येऊ नये. पुण्याच्या फुलबाजारात त्याला गुलछडी म्हणतात. 'गुल' फारसी, 'छडी' आपली. मला हे नाव अधिक प्रामाणिक वाटते. मास्तराला छडीचे वावडे असून कसे चालेल?

आमच्या अंगणात निशिगंधाचा एक वाफा आहे. तो दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निवृत्तीनंतर लावला. पहिली दोन वर्षे तो भरघोस फुलला. दिवेलागणीला वास थेट स्वयंपाकघरापर्यंत येई. मग दादा गेले. त्यानंतर पात तेवढी वाढत राहिली, पण फुलाचा दांडा काही येईना. तीन पावसाळे असेच गेले. आई रोज पाणी घाली आणि म्हणे, "ह्यांच्यामागे फुलायचं नाही म्हणतोय तो." घरातले कोणी खुरपे घेऊन तिकडे वळले, की तिचा एकच शब्द : "ह्यांच्या हातचं आहे. हात लावू नका."

एकदा आमच्या कॉलेजच्या बागेचे माळी घरी आले होते. वाफा पाहून ते म्हणाले, "सर, रुसलाबिसला नाही तो. गर्दी झालीय नुसती."

त्यांनी सांगितले ते असे. निशिगंधाचा एक कंद एकदाच फुलतो. फुलला, की त्याचे काम संपले. पण जाण्याआधी तो भोवती पिल्ले धरतो. ती वेगळी केली नाहीत, तर दोन-तीन वर्षांत त्यांचा एक गच्च गड्डा होतो. मग कोणालाच पोटभर अन्न मिळत नाही, कोणीच धड पोसत नाही, आणि पात तेवढी माजते. पुढे मी वाचले, की वनस्पतिशास्त्रज्ञ आता निशिगंधाला घायपाताच्या गोतात बसवतात. घायपातही एकदाच फुलते आणि मागे पिल्ले ठेवून वाळते. रांगड्या काटेरी घायपाताचा हा सुगंधी भाऊबंद!

पण हे आईला सांगायचे कसे? ज्या कंदांना ती दादांचा हात लागला म्हणून जपत होती, ते तर केव्हाच संपले होते. अखेर एका संध्याकाळी मी म्हणालो, "आई, दादांनी लावलेले कंद आता तिथं नाहीत गं. त्यांची पोरं आहेत, आणि त्यांना जागा पुरत नाही."

ती काही बोलली नाही. चार दिवसांनी चहा देताना म्हणाली, "माळ्यांना बोलाव. पण मी तिथं बसणार."

थंडी सरत आली होती, पात पिवळी पडली होती. आई पाटावर बसली आणि निघालेले कंद धान्य निवडावे तसे निवडू लागली. सुपारीएवढे किंवा त्याहून मोठे एका सुपात, बारके दुसऱ्या. बारक्यांना फुलायला आणखी एक वर्ष लागते. एक वाळका, पोकळ कंद तिने बराच वेळ हातात धरला, आणि कचऱ्यात न टाकता वाफ्याच्या कडेला मातीत पुरला. आम्ही कोणी काही विचारले नाही.

कंद काही आठवडे सावलीत सुकवले. चैत्रात शेणखत घालून, वीत-वीत अंतरावर, तीन बोटे खोल लावले. जागा निवडली ती दिवसातले सहा-सात तास ऊन येणारी. सावलीत निशिगंध पातीवरच समाधान मानतो. पाणी बेताचे, कारण ते साचले की कंद कुजतो. श्रावणात पहिला दांडा वर आला.

वाफ्यात न मावलेले कंद आईने आळीभर वाटले. परवा समोरच्या सूनबाईंनी गच्चीवरून हाक मारली, "आजी, आमच्याकडेही दांडा आला!"

"ह्यांना सांगायला हवं," आई म्हणाली. मग स्वतःशीच हसली आणि परडी घेऊन फुले काढायला गेली.