पाव्हण्यांचं ऊन

आमच्याकडचं कासव नणंदेच्या कोथरूडच्या फ्लॅटमधून आलं, म्हणून सासरे त्याला पहिल्या दिवसापासून 'पाव्हणं' म्हणायला लागले. लेकीच्या घरून आलेल्याला दुसरं काय म्हणायचं? पुढे त्याने तुळशीजवळच्या मातीत अंडी घातली, पाव्हणं बाई निघालं, तरी आप्पांनी नाव काही बदललं नाही.

डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हे कासव मूळचं अमेरिकेतलं. आपली तारका कासवं पाळणं 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, म्हणून 'वास्तूला चांगलं' असं सांगून दुकानदार ही परदेशी विकतात. घेताना रुपयाएवढं असतं, मग ताटलीएवढं होतं, आणि मग कुणाच्या तरी गावी त्याची रवानगी होते. ते गाव आमचं, मुळशी तालुक्यातलं.

आलं तेव्हा त्याचं कवच ओल्या पुठ्ठ्यासारखं दबत होतं. नणंद म्हणाली, "अगं, टाकी खिडकीतच होती. दिवसभर ऊन!" ऊन होतं, पण काचेतून आलेलं. कवच म्हणजे हाडच. त्याला कॅल्शियम लागतं. ते अंगी लागायला डी-3 जीवनसत्त्व हवं, आणि ते कातडीत तयार होतं उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी. खिडकीची साधी काच ते किरण जवळजवळ सगळे अडवते, उजेड मात्र आत सोडते. हे मी आप्पांना समजावलं. ते म्हणाले, "म्हंजी उन्हात बी भेसळ?"

दिवाळीपासून मेपर्यंत प्रश्न नव्हता. आप्पा सकाळी घमेलं ओट्यावर आणायचे, अर्ध्यावर सावलीला फळी टाकायचे आणि शेजारी बसायचे. पाव्हणं विटेवर चढून मागचे दोन्ही पाय हवेत ताणायचं, बोटं फाकवायचं, मान वर काढून डोळे मिटायचं. आप्पाही गुडघे धरले म्हणून पाय लांब करून बसत. आई आतून ओरडायच्या, "एकाला उचलून आणा, दुसऱ्याला चहा न्या!"

पण जूनमध्ये ताम्हिणीकडून पाऊस उतरला की आमच्याकडे महिना महिना सूर्य दिसत नाही. आप्पांनी शंभरचा पिवळा बल्ब टांगला. "गरम लागतंय की." गरम लागतं, ते हवंही असतं, पण त्यात यूव्हीबी नसतो. दुकानातला निळा बल्ब तर नुसताच निळा. मग मी हट्टाने लांब यूव्हीबी ट्यूब मागवली. खोक्यावर 5.0, 10.0 असे आकडे असतात; आकडा मोठा तसा मारा मोठा. वाळवंटातल्या सरड्यांना 10.0 चालते, आम्ही 5.0 घेतली. मध्ये काच ठेवायची नाही, आणि विटेपासून फूटभर अंतर. आप्पांनी ते पंचा सावरत, ओणवं होऊन, वितीने मोजलं.

खरं भांडण नंतर झालं. ही ट्यूब दिसायला वर्षानुवर्षं जळते, पण तिचा यूव्हीबी सहा महिन्यांत, चांगली असेल तर वर्षभरात, उतरतो. डोळ्याला काही कळत नाही. मोजायचं यंत्र मिळतं, पण त्याच्या किमतीत ढीगभर ट्यूबा येतील. मी म्हटलं, बदलायची. आप्पा म्हणाले, "जळती वस्तू फेकायची व्हय?" त्यांनी जन्मभर टायर शिवून वापरलेले. तीन दिवस आमचं बोलणं आईंमार्फत. शेवटी नवी बसली, जुनी माळ्यावर गेली. तिच्या टोकाला आप्पांनी पट्टी चिकटवून लिहिलं: आषाढी ते संक्रांत. पुढच्या प्रत्येक ट्यूबला अशी पट्टी लागली.

वीज गेली की इन्व्हर्टरवर काय चालवायचं, यावरही वाद. आईंची दुपारची मालिका बंद, पाव्हण्यांची ट्यूब चालू. आई म्हणायच्या, "लगीन माझ्याशी लावलं की कासवाशी?" आप्पा ऐकू न आल्यासारखं करत. आई गेल्या त्या पावसाळ्यात मात्र वीज गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा टीव्ही लावला, आणि कुणी बघत नसताना मालिका संपेपर्यंत चालू ठेवला.

गावात पुष्कळांनी सुचवलं, "द्या धरणात सोडून, पुण्य लागंल." हे कासव जगातल्या शंभर सर्वांत त्रासदायक परक्या जीवांच्या यादीत आहे, आपल्या कासवांची जागा नि अन्न ते बळकावतं. आप्पांना ती यादी ठाऊक नव्हती. त्यांच्या आजोबांची भातखाचरं त्याच पाण्याखाली आहेत. 1921 साली धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या सत्याग्रहात आजोबा गेले होते, तरी धरण झालंच. आप्पा एवढंच म्हणाले, "धरणात आपण आधीच लई सोडलंय."

आप्पा श्रावणात गेले, पाव्हणं माघात. लेकाने माळ्यावरच्या ट्यूबा खाली काढल्या, पट्ट्या वाचल्या आणि विचारलं, "शेवटच्या पट्टीवरचं अक्षर तुझं का?" ती दिवाळीत मी बसवली होती. वाद घालायला समोर कुणी नव्हतं, तरी जुनी फेकवली नाही.

एक ट्यूब अजून खोक्यातच आहे, 5.0ची. पौड-पिरंगुटकडे कुणाकडे असं कासव असेल तर येऊन घेऊन जा, पैसे नकोत. बसवाल त्या दिवशी टोकाला तारीख लिहा. आणि कासव नकोसं झालं तर वनखात्याला विचारा, पण धरणात सोडू नका.