अर्थाआधीचं पाठांतर

रामरक्षा पाठ झाली तेव्हा मला तिच्यातला एक शब्दही कळत नव्हता. दिवेलागणीला पाय धुऊन देवघरासमोर बसायचं, आजी एक ओळ म्हणणार, मागून आम्ही भावंडं. डोक्यापासून पायांपर्यंत एकेक अवयव रामाच्या हवाली करत जाणारं ते स्तोत्र गुडघ्यापर्यंत पोचेतो स्वयंपाकघरातून फोडणीचा वास यायचा आणि पुढची ओळ भलत्याच घाईत उरकली जायची. त्यानंतर लगेच पाढे. त्याच चटईवर, जवळजवळ त्याच चालीत. पाढे पुढे पडताळून पाहता आले. सात सक बेचाळीस वाण्याच्या दुकानातही बेचाळीसच निघाले. रामरक्षा पडताळायला जागाच नव्हती. ती नुसती आत राहिली.

सांगलीला आमच्या भिंतीपलीकडे जैन बिऱ्हाड होतं. त्यांची जेवणं दिवस मावळायच्या आत उरकलेली असत. तिथली माझी मैत्रीण लगोरीचा डाव अर्ध्यावर टाकून घरी पळायची. तिला आईची हाक लागत नसे, पोटातूनच कळायचं. आमच्याकडे त्या वेळी कुकरसुद्धा चढलेला नसायचा. मी भिंतीच्या त्या बाजूला जन्मले असते, तर रामरक्षेऐवजी भक्तामर पाठ केलं असतं आणि संध्याकाळी सहालाच भुकेजले असते. हा विचार मला कॉलेजात असताना सुचला आणि मोठा शोध लागल्याच्या थाटात मी तो दिसेल त्याला ऐकवत सुटले. ज्याचा देव पत्त्यावरून ठरतो, त्याच्या श्रद्धेत कसलं आलंय सत्य? बिनतोड वाटायचा युक्तिवाद. फक्त तो सगळ्यांनाच लागू पडतो. नास्तिकही कुठल्यातरी घरातच वाढतो, आणि त्याच्या वडिलांच्या कपाटात कुठली पुस्तकं होती याचीही चौकशी करता येते.

पुढे मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात वडिलांचं ऑपरेशन होतं. आत नेण्याआधी नर्सनं त्यांच्या कपाळावर हात ठेवून मराठीत प्रार्थना केली, वडिलांनी हात जोडले. दार लागलं. मी बाकावर बसून राहिले आणि थोड्या वेळानं लक्षात आलं, आत रामरक्षा चालू आहे. मी लावली नव्हती. देव मानणं सोडून मला बरीच वर्षं झाली होती, आणि त्या दिवशीही मी ते पुन्हा सुरू केलं नाही. पण भीतीला तोंड फुटायचं तर जी भाषा येते तिच्यातच फुटणार, आणि माझ्या भीतीला तेवढी एकच येत होती.

म्हणजे घर आपल्याला श्रद्धा देतं, असं मला वाटत नाही. घर चाल देतं, वेळ देतं, हात कधी जोडायचे ते देतं. आणि त्यासोबत एक शब्द देतं: देव सगळ्यांचा आहे, सगळ्यांकडे पाहतो. बहुतेक माणसं तो शब्द ऐकून सोडून देतात. काही जण मात्र तो वसूल करायला निघतात. धर्म बदलणाऱ्या माणसांविषयी आपल्याकडे पहिली शंका संस्कार कमी पडल्याची असते. मला नेमकं उलटं दिसतं.

धर्मानंद कोसंबी घ्या. गोव्यातल्या साखवाळचा, 1876 सालचा जन्म. माडांच्या बागा, सारस्वत घराणं, शाळा जेमतेम. या मुलाला तुकोबांच्या गाथेनं धरलं आणि ‘बालबोध’ मासिकातल्या बुद्धाच्या चरित्रानं घराबाहेर काढलं. मुलांसाठी निघणारं मासिक ते, कितीतरी घरांत येत असेल आणि वाचून रद्दीत जात असेल. 1899 साली हा तरुण बाहेर पडला; पुणं, ग्वाल्हेर, काशी करत नेपाळला गेला, आणि 1902 साली श्रीलंकेत भिक्षू झाला. आधी गाथा भिनली नसती, तर त्या मासिकातला राजपुत्र इतर गोष्टींतल्या राजपुत्रांसारखाच वाचून झाला असता, असं मला वाटतं. जगाचा कंटाळा येऊ शकतो आणि तो कंटाळा मोलाचा असतो, हे त्याला तुकोबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मागे बायको आणि लहानगी मुलगी राहिली. चरित्रं हा भाग एका वाक्यात उरकतात. सत्याच्या शोधाचं भाडं पुष्कळदा दुसरंच कुणी भरतं, आणि ते सहसा स्वयंपाकघरात असतं.

आंबेडकरांच्या घरी पुस्तकांची कमतरता नव्हती. वडील रामजी कबीरपंथी; मुलांना रामायण-महाभारत वाचायला लावत. मुलानं एकदा सरळ विचारलं, ज्या ग्रंथांत आपल्याला हीन ठरवलं आहे ते आपण का वाचायचे? वडिलांनी द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांचे दाखले दिले. खालून वर गेलेली माणसं म्हणून. मुलाचं समाधान झालं नाही. त्याच शाळकरी वयात, परीक्षा पास झाल्याबद्दल भरलेल्या सभेनंतर कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. घरात कबीर सांगत होता की माणूस माणसासारखा आहे. बाहेर शाळेत पाणी वरून ओतून मिळत होतं. आत ऐकलेलं आणि बाहेर सोसलेलं यांचा मेळ न घालताच जगायची सोय आपल्या समाजानं फार पूर्वीपासून करून ठेवली आहे. ती त्यांनी नाकारली. आधी काळारामाच्या दारात सत्याग्रह करून पाहिला. 1935 साली येवल्याला, हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं, आणि नागपूरला दीक्षा घेतली ती 14 ऑक्टोबर 1956 रोजी. एकवीस वर्षं! एवढा काळ एखादी श्रद्धा उलटसुलट करून तपासणाऱ्या माणसाला ‘रागाच्या भरात गेला’ म्हणणारे लोक मला अजूनही लग्नाकार्यांत भेटतात. त्यांनी स्वतःचा धर्म एकवीस मिनिटं तरी तपासला असेल का, हे विचारायचं मी पंगतीत टाळते.

नारायण वामन टिळकांनाही पुस्तकच भेटलं, आगगाडीत, एका गोऱ्या सहप्रवाशाकडून. 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण हा माणूस ख्रिस्ताकडे गेला तो तुकोबांचं बोट धरून, आणि हे त्यांनी लपवलं नाही. मराठी चर्चमध्ये अभंग आले, कीर्तन आलं. देव बदलला, चाल तीच.

मला सगळ्यांत जवळच्या वाटतात त्या मात्र टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्यांच्या हातात कुणी पुस्तक ठेवलं नाही. माहेरी वडिलांचं सोवळं असं, की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं! (मीठ धुतल्यावर उरतं किती, हा प्रश्न त्या घरात विचारायचा नसावा.) नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या आकांत करून वेगळ्या राहिल्या. मग एका गावात, मग एका घरात, पण चूल आणि पाणी निराळं. आधी जात गळून पडली, मग बाकीचं. 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त हे सगळं त्या हसत सांगतात. तेजोवलय नाही, आकाशवाणी नाही. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, एवढाच प्रश्न रोज सकाळी. माणसं श्रद्धा निवडतात तेव्हा बहुधा अशीच निवडत असावीत. आपण निवडतो आहोत हे त्यांनाही नंतरच कळतं.

भिंतीपलीकडची माझी मैत्रीण आता नाशिकला औषधांच्या कंपनीत संशोधन करते आणि अजूनही दिवसाउजेडी जेवते. ही सवय की श्रद्धा, असं मी एकदा खोदून विचारलं. ती म्हणाली, “तू दात घासतेस ते काय आहे?” मी उत्तर दिलं नाही. मला ते पटलंही नव्हतं. दात न घासल्यानं काय होतं ते दिसतं.

माझ्या मुलीला मी रामरक्षा शिकवली नाही. मोठी होऊन काय ते ठरव, म्हणाले. घरात देवघर नाही, उपास नाही. दिवाळीला फराळ आणि कंदील, बस. मुलगी मोठी झाली आणि तिनं ठरवलं. गेल्या वर्षी इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला निघाली. दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणं, फोन जमा. मीच तिला मोकळं सोडलं होतं, तरी माझ्या पोटात काहीतरी तुटलं. साखवाळच्या त्या मुलानं घर सोडल्यावर मागे राहिलेल्यांना काय वाटलं असेल, याचा मी आयुष्यात पहिल्यांदा विचार केला.

“का गं? आपल्या घरात काय कमी होतं?” मी विचारलं.

“कमी काही नव्हतं. तूच म्हणायचीस ना, कशावरही आंधळा विश्वास ठेवायचा नाही, स्वतः करून बघायचं? मग बघते करून.”

माझंच वाक्य होतं, चालीसकट. मी विषय बदलला. तिथे रात्री जेवायला काय देतात, विचारलं.

“रात्री जेवण नसतं. संध्याकाळी पाचला चहा आणि फळं.”

मी मैत्रिणीला फोन लावून तक्रार केली. ती फोनवर इतकी हसली, की तिच्या नवऱ्यानं काय झालं म्हणून विचारलेलं मला इकडे ऐकू आलं. मग मी चकल्या तळायला घेतल्या, दोन डबे भरले. मुलीनं ते बॅगेतून काढून ओट्यावर ठेवले. बाहेरचं खाणं तिथे चालत नाही म्हणे.