तिकिटाच्या खालच्या ओळी

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. हिशेब हा माझा विषय नव्हे. घरातले मोठे व्यवहार भाईजान बघतात, आणि मीही कधी कागद मागून पाहिला नव्हता. गेल्या वर्षी मात्र विमानाच्या एका तिकिटाने तो मला वाचायला लावला.

आपा वीस वर्षांपासून बर्मिंगहॅमला असते. तिच्या मुलीचा निकाह मे २०२५ मध्ये ठरला. अम्मी, मी आणि माझी चौदा वर्षांची लेक अशा तिघी जाणार होतो. अम्मीने आधीच बजावले, "माझं तिकीट माझ्या पेन्शनमधून काढायचं. कुणाचा एक पैसा नको."

मोबाईलवर सर्वांत स्वस्त भाडे दिसले माणशी ४३,००० रुपये. मी खूश. एजंटकडे बसल्यावर ती खुशी हळूहळू उतरली. त्या भाड्यात फक्त हातातली ७ किलोची पिशवी होती. लग्नाला निघालेल्या बायका सात किलोत कशा मावणार? जाता-येता बॅगेचे पैसे वेगळे, जेवणाचे वेगळे, तिघींना शेजारी बसायचे तर जागेचे वेगळे. बेरीज ५५,००० वर गेली. शिवाय ती दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन तिकिटे होती. पहिले विमान उशिरा पोचले तर दुसरी कंपनी थांबत नाही, आणि तिकीट बुडाले तर ते आपले. मध्येच बॅगा काढून पुन्हा द्यायच्या, म्हणजे त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. अम्मीचे गुडघे हे सगळे कसे झेपवणार?

दुसरे तिकीट एका भारतीय, कमी भाड्याच्याच कंपनीचे होते. मध्ये एकदा विमान बदलायचे, पण बर्मिंगहॅमपर्यंत एकच तिकीट. बॅग आणि जेवण धरून ५८,०००. आम्ही ते घेतले. अम्मीसाठी व्हीलचेअर आणि तिघींसाठी 'मुस्लिम मील' तेव्हाच नोंदवून घेतले, कारण विमानात बसल्यावर मागून ते मिळत नाही.

लांबच्या प्रवासात स्वस्त कंपनी फार स्वस्त का पडत नाही, हे एजंटने छान समजावले. मुंबई-गोवा करणारे विमान दिवसातून कितीतरी फेऱ्या मारते. लंडनला जाणारे दिवसभरात कसेबसे जाऊन येते. इंधनाचा खर्च मोठा, आणि तिकडे पोचलेल्या कर्मचाऱ्यांना विश्रांतीसाठी हॉटेल द्यावे लागते. काटकसरीला जागाच कमी. फ्रेडी लेकर यांनी १९७७ मध्ये लंडन-न्यूयॉर्क अशी स्वस्त 'स्कायट्रेन' सुरू केली, ती कंपनी १९८२ मध्ये बुडाली. नॉर्वेजियन कंपनीनेही २०२१ मध्ये लांबची उड्डाणे सोडून दिली. म्हणून पडद्यावरचा पहिला आकडा पाहून हुरळून जाऊ नये. बॅग, जेवण, जागा धरून बेरीज करावी आणि मगच दोन तिकिटांची तुलना करावी.

पैसे भरताना एक गोष्ट खटकली. लेकीचे तिकीट आमच्यापेक्षा दहा हजारांहून थोडे अधिक कमी होते. विमान कंपन्या बाराव्या वर्षापासून पूर्ण भाडे लावतात, मग हे कसे? मी तिकिटाची फोड मागितली. एजंटने कागद काढून दिला. वर मूळ भाडे, आणि खाली दोन-दोन अक्षरांच्या बारीक ओळी.

त्यातली 'वायक्यू' ही ओळ इंधन अधिभाराची. ती करांच्या रांगेत बसते, पण कर नव्हे. ते पैसे कंपनीचेच. 'के३' म्हणजे आपला जीएसटी, इकॉनॉमी वर्गाला ५ टक्के. एक ओळ मुंबई विमानतळाच्या वापराच्या शुल्काची, एक सुरक्षा शुल्काची. परदेशी प्रवासाला हे सुरक्षा शुल्क १२ डॉलर आहे. 'यूबी' म्हणजे तिकडच्या विमानतळाचे शुल्क. आणि सर्वांत जड ओळ 'जीबी', म्हणजे ब्रिटिश सरकारचा प्रवासी कर.

हा कर १९९४ मध्ये सुरू झाला. तो ब्रिटनमध्ये जाताना लागत नाही, तिथून निघताना लागतो. अंतर मोजतात ते लंडनपासून त्या देशाच्या राजधानीपर्यंतचे. भारत दोन हजार मैलांच्या पुढे आणि साडेपाच हजारांच्या आत येतो, म्हणून आमच्या वेळी इकॉनॉमीला माणशी ९० पौंड होते. एप्रिल २०२६ पासून १०२ झाले. जवळच्या युरोपीय देशांना हाच कर तेव्हा फक्त १३ पौंड होता. त्यामुळे काहीजण सल्ला देतात, आधी युरोपात उतरा आणि तिथून वेगळ्या तिकिटाने घरी या. पण युरोपचा व्हिसा, पुन्हा बॅगा आणि विमान चुकण्याची धास्ती धरली तर म्हातारे माणूस बरोबर असताना त्यात काही वाचत नाही.

इकॉनॉमीत सोळा वर्षांखालच्या मुलांना हा कर माफ आहे. लेकीच्या कमी पैशांचे कारण हेच. मुले बरोबर असतील तर जन्मतारीख नीट नोंदवली आहे ना आणि 'जीबी'ची ओळ खरोखर गळली आहे ना, हे तपासून घ्यावे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अम्मी अल्लाहला प्यारी झाली.

त्या दिवसांविषयी इथे लिहीत नाही. निकाह पुढे ढकलू नये अशी अम्मीचीच इच्छा होती, म्हणून मी आणि लेक जायचे ठरले. अम्मीच्या तिकिटाचे काय, असे विचारले तेव्हा एजंट म्हणाला, "बाजी, नॉन-रिफंडेबल आहे. काही मिळणार नाही." भाईजान म्हणाले, "जाऊ दे. माणूस गेलं, तू तिकीट काय घेऊन बसलीस?" मलाही स्वतःची लाज वाटली.

पण त्या रात्री कागद पुन्हा हातात आला. 'जीबी', ९० पौंड. तिथून निघणाऱ्या माणसाचा कर. अम्मी तिथून निघणारच नव्हती. मग हे पैसे कोणाचे? सरकारचे नाहीत, कारण विमानात न बसलेल्या माणसाचा कर लागूच होत नाही. कंपनीचेही नाहीत, कारण तिने ते सरकारसाठी घेतले होते. आपल्या भाषेत सांगायचे तर ती अमानत होती.

मी नियम शोधला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने स्पष्ट लिहिले आहे की तिकीट रद्द केले, वापरले नाही किंवा प्रवासी आलाच नाही, तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्के परत द्यावीत. मूळ भाडे परत न मिळणाऱ्या सवलतीच्या तिकिटालाही हे लागू आहे, आणि त्या परताव्यासाठी कंपनीने वेगळे पैसे घेऊ नयेत. परदेशी कंपन्यांना त्यांच्या देशाचे नियम लागतात; आमची कंपनी इथली होती. मी तारखेआधी तिकीट रद्द केले, मृत्यूचा दाखला जोडला आणि अर्जात नियम लिहिला. भाडे गेले, पण महिनाभराने १६,४०० रुपये आले.

भाईजान म्हणाले, "तू धावपळ केलीस, तूच ठेव."

मी म्हटले, "भाईजान, हे माझे नाहीत. अम्मीचे आहेत. तिने स्वतःच्या पेन्शनमधून भरले होते. हा तर्का आहे."

ते गप्प झाले. अम्मीवर कोणाचे कर्ज नव्हते, वसीयत नव्हती, आणि कफन-दफनचा खर्च त्यांनी स्वतः केला होता, तो ते परत घेत नव्हते. वारस आम्ही तिघे. आपल्याकडे बहिणींचे हिस्से बहुधा शेतजमीन आणि घराच्या वेळी आठवतात, आणि तेव्हाही "राहू दे" म्हणून सोडून द्यायला सांगतात. सोळा हजारांसाठी कोण बसतो?

भाईजान बसले. त्यांनी आतून वही आणली, चार भाग केले. दोन त्यांचे, एक आपाचा, एक माझा. ८,२००, ४,१०० आणि ४,१००. मग वही माझ्याकडे सरकवली.

"बघ गं," ते म्हणाले, "बरोबर आहे का?"

त्यांनी मला हिशेब तपासायला दिल्याची ही पहिलीच वेळ. मी चष्मा लावला आणि वरपासून खालच्या ओळीपर्यंत वाचला.